कवठी चाफ्याची पोच

यवतमाळजवळच्या नेरला नोकरी लागली म्हणून मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा फाटक उघडताच माझ्या तोंडून 'बाप्पा, काय सुंदर बाग आहे!' एवढं निघालं आणि खोली हातची जाता जाता राहिली. घरमालक अंगणात पाइप धरून उभे होते. त्यांनी पाइप खाली टाकला, कपाळाला हात लावला आणि आत तोंड करून ओरडले, "अवो, मीठमोहऱ्या आना! आली एक बोलनारी!"

काकू मुठीत मीठमोहऱ्या घेऊन आल्या, मोगऱ्यावरून ओवाळल्या आणि आत जाता जाता माझ्या कानाशी म्हणाल्या, "राग नको मानू वं पोरी. याईचं असंच आहे. खोली पाय. पसंत पडली तं त्याईले सांगू नको, मले सांग."

मी खोली पाहिली. हवेशीर होती, पूर्वेला खिडकी होती. बाहेर येऊन तोंड वाकडं करत म्हणाले, "बरी आहे. जरा लहानच आहे." घरमालकांचा चेहरा असा खुलला म्हणता! सामान आजच आण म्हणाले.

त्यांचं नाव गल्लीत कुणी घेत नसे. सगळ्यांचे ते काकाजी, म्हणून माझेही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बसस्टँडवरच्या त्या जाळीच्या खोलीत माइकसमोर काढली होती. कोणती गाडी लागली, कोणती सुटणार, कुणाचं पोरगं हरवलंय, सगळं त्यांच्या तोंडून गावाला कळायचं. आणि त्या माइकनंच त्यांना त्यांचं तत्त्वज्ञान दिलं होतं. अगदी गंभीरपणे सांगायचे, "पाय, मी 'गाडी लागली' म्हटलं का गाडी गेलीच. 'जागा आहे' म्हटलं का जागा गेलीच. साऱ्या उमरभर पाह्यलं. जे तोंडातून काढलं, ते हातातून गेलं."

"अहो काकाजी, तुम्ही सांगितलं म्हणून लोक जाऊन बसले, म्हणून जागा गेली!"

"तेच तं सांगून राह्यलो ना मी!"

आता बोला! या माणसाशी वाद घालायचा कसा?

त्यामुळे घरात कशालाच चांगलं म्हणायची सोय नव्हती. भाजी झकास झाली की काकाजी म्हणणार, "ठीक आहे, पोट भरते." काकूंची बहीण कधी माहेरपणाला आली आणि म्हणाली, 'जास्वंद कशी बहरली वं!' की रात्री त्या जास्वंदीवर पोतं पडलंच. नवं झाड लावलं की त्याला फूल येईपर्यंत ते जिवंत आहे हेसुद्धा कबूल करायचं नाही. कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, "काही नाई, वाळूनच राह्यलं."

झाड आणायची रीतही न्यारी. एकदा मी यवतमाळहून आमच्या घरच्या जुईची फांदी आणली आणि मोठ्या कौतुकानं त्यांच्या हातात द्यायला गेले. दोन पावलं मागे सरले ना हे गृहस्थ! "असं हातात देतात काय कोनी? ठेव तिथं भिंतीवर. अन् आत जा, पानी पी."

मी आत गेले आणि खिडकीतून बघत राहिले. काकाजींनी स्वतःच्याच अंगणात उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, फांदी सदऱ्याखाली दडवली आणि चवड्यांवर चालत मागच्या बाजूला पसार झाले. चोरलेलं झाड जगतं, दिलेलं मरतं, हे त्यांचं ठाम मत. काकूंनी ओट्यापाशी उभ्या उभ्या आवाज दिला, "झाली का चोरी? चहा ठेवू?"

त्या अंगणातल्या उन्हाळी दुपारी मला अजून स्वप्नात येतात. हिरव्या जाळीतून उतरलेला मऊ उजेड, कुंड्यांभोवती गुंडाळलेल्या ओल्या पोत्यांचा वास, गल्लीत चिटपाखरू नाही. कापूस बाजाराकडून कधीतरी एखाद्या ट्रॅक्टरचा आवाज यायचा आणि तोही अर्ध्यात पेंगल्यासारखा थांबायचा. काकाजी कुंड्यांच्या मधोमध बाज टाकून उताणे पडलेले असत. झोपलेत की जागे आहेत, ते कळायचं नाही. मी सुट्टीच्या दिवशी पुस्तक घेऊन तिथं बसायची आणि तासाभरात एक पान व्हायचं. तिथं वेळ जायचाच नाही, नुसता साचायचा.

लिंबाच्या झाडाला एक जुनी स्लिपर टांगलेली होती. निळा पट्टा, टाच झिजून आरपार. आमच्याकडे लिंबाला, भोपळ्याच्या वेलाला, नव्या घराला अशी जुनी चप्पल बांधतात, नजर लागू नये म्हणून. त्यात नवल काही नाही. नवल पुढंच झालं.

नर्सरीवाल्यानं काकाजींना झाडवेड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. पुण्याचे, नाशिकचे, कोल्हापूरचे, कोकणातले लोक. फुलांचे फोटो टाकायचे, फांद्या आणि बिया एकमेकांना पाठवायच्या, असा कारभार. काकाजींनी मलाही त्यात ओढलं, कारण त्यांना लिहायचा कंटाळा. ग्रुपचे ॲडमिन म्हणजे पुण्याचे एक शिस्तीचे सर. त्यांचा नियम असा, की कुणी रोप पाठवलं तर मिळाल्याबरोबर फोटो टाकून पोच द्यायची, आभार मानायचे, आणि दर महिन्याला वाढ दाखवायची. मी नियम वाचून दाखवले तेव्हाच हे जमायचं नाही, हे मला कळलं होतं.

एके दिवशी नाशिकच्या एका बाईंनी गुलाबाचा फोटो टाकला. काय गुलाब होता! भराभर सगळ्यांचे 'वा', 'अप्रतिम' सुरू झाले. काकाजी अस्वस्थ झाले. एवढे लोक एवढं बोलताहेत, बिचाऱ्या गुलाबाचं व्हायचं काय? उठले, लिंबाच्या स्लिपरचा फोटो काढला आणि टाकला बाईंच्या गुलाबाखाली.

मग कुणीतरी विचारलं, 'चुकून आलं का?'

काकाजींनी एका बोटानं टाइप केलं, 'मुद्दाम.'

तिथून पुढे त्यांना तो उद्योगच लागला. साध्यासुध्या झेंडूला ते ढुंकून बघत नसत. पण कुणाचं फूल खरोखर नजर लागण्याजोगं असलं, की त्याच्याखाली स्लिपर. म्हणजे ग्रुपातले जे उत्तमोत्तम बागवाले, नेमके त्यांच्याच वाट्याला चप्पल! कोल्हापूरच्या एकानं चिडून लिहिलं, 'ही काय किंमत केली का आमच्या कमळाची?' काकाजींना वाटलं, एका चपलेनं भागत नसेल. त्यांनी दुसऱ्या पायाचीही टाकली.

मी मग लांबलचक मेसेज लिहिला. बाबांनो, ही आमच्याकडची रीत आहे, ट्रकच्या मागे बघता ना तुम्ही, तेच हे. तर सर म्हणतात, इथे अंधश्रद्धेला थारा नाही. कोल्हापूरकर म्हणतात, मग निदान नवी चप्पल तरी टाका. ट्रकमागची चप्पल या लोकांना रोज दिसते, चालते. मोबाइलवर आली की तीच अंगावर येते. माझं डोकंच सणकलं. काकाजी मात्र शांत. "मारली काय मी चप्पल? लावली. समजते त्याईले. मनातून चांगले आहेत सारे."

राग त्यांनाही यायचा, पण भलत्याच गोष्टीचा. साताऱ्याच्या एकाला त्यांनी गोकर्णाच्या बिया पाठवल्या होत्या. त्या भल्या माणसानं 'मनःपूर्वक आभार' लिहून खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. काकाजी त्या संध्याकाळी जेवले नाहीत. "हात जोडले त्यानं मले," असं सारखं म्हणत राहिले. "दारावर आलेल्याले हात जोडून घालवते मानूस, तसे. म्हंजे झालं, आता नका येऊ." काकूंनी परोपरीनं समजावलं. छे! आभार म्हणजे त्यांच्या लेखी दार लावून घेणं होतं.

त्या ग्रुपमध्ये कोकणातल्या एक मावशी होत्या. कमी बोलायच्या. एकदा त्यांनी कवठी चाफ्याचा फोटो टाकला. अंड्यासारखी पांढरी कळी, अर्धी उमललेली, मान खाली घातलेली. काकाजी ती सबंध दुपार बाजेवर पडून तो फोटो बघत राहिले. मोबाइल विझला की बोट लावायचे, पुन्हा बघायचे. हे झाड त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. शेवटी उसासा टाकून त्यांनी स्लिपर पाठवली.

सगळे तुटून पडले. मावशींना चप्पल? शोभतं का हे? आणि मावशींनी लिहिलं, 'असू दे हो. माझ्या सासूबाई झाडाच्या बुंध्याला काजळाचं बोट लावायच्या. तेच आहे हे.'

काकाजींनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मग दुसरीकडे तोंड करून डोळे पुसले. एवढ्या मोठ्या ग्रुपात त्यांना ओळखणारं एक माणूस निघालं होतं.

मावशींनी पत्ता मागवून घेतला. महिना-दीड महिन्यानं पार्सल आलं. ओल्या शेवाळात गुंडाळलेली मुळं आणि वर मोजकी पानं असं कवठी चाफ्याचं रोप. फांदीला झाडावरच गुटी बांधून, मुळं फुटल्यावर मग कापून पाठवलेलं. काकाजींनी पार्सलवाल्याला पार्सल भिंतीवर ठेवायला लावलं, आणि मग काय, चोरीच.

दोन दिवसांनी मावशींनी विचारलं, 'पोचलं का?'

"काकाजी, एक अक्षर टाका ना!"

"टाकलं का संपलं. अजून ते आपलं झालं नाई. फूल येऊ दे, मंग बोलू."

"मग मी टाकते."

"तुह्या तोंडातून निघालं तरी माह्याच घरातून निघालं!" असं म्हणून त्यांनी मला काकूंच्या गळ्याची शपथ घातली, काकूंना न विचारता.

मावशींनी पुन्हा विचारलं. मग विचारणं थांबवलं. सरांनी मात्र सोडलं नाही. एवढ्या मेहनतीनं पाठवलेल्या रोपाची साधी पोच न देणं हा पाठवणाऱ्याचा अपमान आहे, असं लिहून त्यांनी काकाजींना ग्रुपमधून काढून टाकलं. काकाजींना त्याचा पत्ताच नाही. मोबाइलवर फोटो यायचे बंद झाले, तर ते समाधानानं म्हणाले, "समजले लोकं शेवटी. चूप झाले सारे." काकूंनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी विषय बदलला.

इकडे त्या चाफ्याचे लाड काय सांगू! कोकणातलं झाड आणि आमचा उन्हाळा. काकाजींनी घरातला एकुलता एक कूलर खिडकीत उलटा लावला, तोंड बाहेर, चाफ्याकडे. आत आम्ही पदरानं वारा घेतोय आणि बाहेर चाफा गार हवेत डुलतोय. काकू म्हणाल्या, "माह्या लग्नात बी याईनं मले एवढं जपलं नाई." पण संध्याकाळी त्याच कूलरच्या टाकीत पाणी भरायच्या.

आणि मग एका शुक्रवारी संध्याकाळी मावशींचा मेसेज ग्रुपवर आला. गावातला रस्ता रुंद होणार होता, त्यात त्यांचं अंगण जाणार होतं. त्या मुलाकडे ठाण्याला चालल्या होत्या. पुढे लिहिलं होतं, 'सासूबाईंनी लावलेला चाफा आज तोडला. ज्यांना ज्यांना गुटी दिली, त्यांची जगली नाही. नेरच्या काकांकडची जगली का, कुणी सांगू शकेल? नसेल जगली तरी सांगा. म्हणजे वाट बघणं थांबेल.'

शपथ ग्रुपवर न बोलायची होती, काकाजींशी नव्हे. मी मोबाइल घेऊन तडक अंगणात गेले आणि वाचून दाखवलं. ते चाफ्यापाशी उकिडवे बसले होते. शेंड्याला एक पान नुकतं सुटत होतं, गुंडाळी अजून पुरती उलगडली नव्हती.

पानावरची नजर न काढता म्हणाले, "माह्या मोबाइलवर काहून नाई आलं हे?"

"तुम्हाला काढलं ग्रुपमधून. पोच दिली नाही म्हणून."

"म्हंजे त्या बाईले वाटलं का मी..." उठून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

काकू कडाडल्या, "सांगून टाका ना तिले एक डाव! कायचा हट्ट धरून बसले?"

"अन् बोललो अन् मेलं तं? तिकडे तोडलं, इकडे माह्या बोलन्यानं गेलं, मंग कुठीच नाई राह्यलं ते."

हसायला यावं अशी ती गोष्ट नव्हती. त्यांचा यावर खरोखर विश्वास होता. माझ्यासारखीला तो वेडेपणा वाटायचा, पण त्यांच्या हिशेबी त्या मावशींना धीर द्यायचा तर झाडाचा जीव जाणार होता आणि झाड ठेवायचं तर मावशी झुरणार होत्या. दोन दिवस ते घरात चालत राहिले, अंगणातून खोलीत, खोलीतून अंगणात. जेवताना घास हातात धरून बसायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दारात आले. डोळे लाल.

"चाल," म्हणाले. "लाव फोन. तिले जर ते मेलं वाटते, तं मी ते जगवून कोनासाठी राह्यलो?"

मी तिथंच नंबर लावायला लागले तर माझा हात धरला. "इथं नाई. त्याले ऐकू जाईन."

भर उन्हात आम्ही दोघं निघालो. गल्ली संपली, पिठाची गिरणी गेली, कापूस बाजाराची लांब भिंत आली तरी ते थांबेनात. सगळीकडे पांढरं ऊन, रस्ता हलल्यासारखा दिसत होता, आणि हा म्हातारा डोक्यावर दुपट्टा घेऊन मला एका झाडापासून लांब नेत होता. बाजाराच्या मागच्या फाटकापाशी, कडुनिंबाखाली, थांबले. मी फोन लावून, आवाज मोठा करून दिला. त्यांनी तोंडापुढे हात धरला.

"मावशी, मी नेरवरून बोलून राह्यलो. जगलं हो ते."

पलीकडून मावशींचा आवाज आला, अगदी बारीक.

"पुन्हा एकदा सांगाल का?"

काकाजींनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. एकदा बोलायला त्यांना दोन दिवस लागले होते. त्यांनी डोळे मिटले. "जगलं," म्हणाले. "नवं पान बी फुटून राह्यलं त्याले." आणि मोबाइल माझ्या हातात कोंबून, दुपट्ट्यात तोंड खुपसून तिथंच बसले.

पुढे आठवड्याभरातच चाफ्याची पानं कडेनं काळी पडायला लागली आणि गळाली. ते नवं पानसुद्धा. काकू म्हणाल्या, बोअरचं खारं पाणी बाधलं, आणि गुपचूप पिण्याच्या माठातलं घालायला लागल्या. मी म्हटलं, ऊनच तसं आहे. काकाजींनी मला दोष दिला नाही, मावशींना नाही, स्वतःच्या जिभेलाही नाही. नुसती काडी उरली होती, तिच्यावर सकाळ-संध्याकाळ ओलं पोतं घालत राहिले. मला ते बघवत नसे. मी संध्याकाळी मुद्दाम उशिरा घरी यायची.

पावसाळा लागला आणि काडीला बुडापाशी हिरवं टिंब दिसलं. मी पाहिलं, काकूंनी पाहिलं, आणि आम्ही दोघी तिथून काही न पाहिल्यासारख्या निघून आलो. तो पावसाळा गेला, मधला हिवाळा गेला, उन्हाळ्यात कूलर पुन्हा उलटा बसला. मी तोपर्यंत त्या घरात इतकी मुरले होते, की ऑफिसात कुणी नवी साडी नेसून आली तरी माझ्या तोंडून 'वा' निघेनासं झालं.

दुसऱ्या वर्षी पोळा होऊन गेला होता. संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी आले आणि पाय आपोआप सावकाश झाले. कसला तरी वास होता. गोड, गार, पिकल्या फळासारखा, आणि तरी फुलाचाच. गिरणीवाला दारात येऊन हवेत बघत होता. पोरं खेळायची थांबली होती. मी त्या वासातून चालत फाटकापाशी पोचले, तर काकाजी आतून मला हातानं बोलावत होते आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

पानाआड पांढरं फूल होतं. ओल्या खोबऱ्यासारख्या जाड पाकळ्या, नुकत्या सुटलेल्या. काकू शेजारी भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळे मिटून. काळोख अजून पडायचा होता, आकाशात तो शेवटचा पिवळा उजेड होता.

काकाजींनी स्वतःच फोन लावला. आवाज मोठा ठेवला. पलीकडे उचलल्यावर एवढंच म्हणाले, "मावशी, नेरवरून," आणि मोबाइल हळूच त्या फुलाच्या जवळ नेऊन धरला.

ठाण्याच्या त्या घरातला टीव्ही ऐकू येत होता, कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी कुणाला हाक मारली. मग टीव्ही बंद झाला. मावशींना काय समजायचं ते समजलं होतं. इकडे वास अंगणभर पसरत होता आणि तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

मग मावशींनी विचारलं, "मान खाली आहे का हो त्याची?"

"हाव," काकाजी कुजबुजले. "खालीच पाहून राह्यलं."

"मग ते आमचंच." मग म्हणाल्या, "एवढ्यात ठेवू नका हं फोन."

"नाई ठेवत," काकाजी म्हणाले. त्यांचा हात अवघडला होता. त्यांनी मोबाइल दुसऱ्या हातात घेतला आणि तसाच धरून उभे राहिले.